कारखान्यातला जावई, मातीतला वेठबिगार

विज्ञान प्रदर्शनांत एक चित्र तुम्ही पाहिले असेल. समुद्रात एक जहाज कलंडले आहे, त्यातून काळेकुट्ट तेल पसरत आहे आणि त्या तेलावर असंख्य गोलमटोल जंतू दात विचकून तुटून पडले आहेत. खाली ठळक अक्षरांत लिहिलेले असते, 'तेल सांडले? जंतू खातील! विषारी माती? जंतू खातील! प्लॅस्टिकचा ढीग? तोही जंतूच खातील!' चित्र काढणाऱ्याचा उत्साह वाखाणण्यासारखा असतो. परंतु ते पाहून घरी जाणाऱ्याच्या मनात जी समजूत पक्की होते, ती मात्र घातक आहे. 'आपण खुशाल घाण करावी, निस्तरायला जंतू आहेतच,' ही ती समजूत. तिच्याविषयी आज चार शब्द स्पष्टपणे लिहावेत असे मला वाटते.

आधी एक गोष्ट मान्य करू. सूक्ष्मजीवांच्या अंगी विलक्षण सामर्थ्य आहे, यात शंकाच नाही. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही, ती आपल्या वागणुकीबद्दल आहे. एखादा सूक्ष्मजीव कारखान्यात औषध तयार करण्याच्या कामी लावला, की आपण त्याचे जावयासारखे लाड करतो. त्याच्याच भाऊबंदांना मातीतली घाण काढण्याच्या कामी लावले, की त्यांना वेठबिगारासारखे राबवू पाहतो; धड अन्न नाही, पाणी नाही, हवा नाही. मग कारखान्यातला सूक्ष्मजीव यशस्वी होतो आणि मातीतला पुष्कळदा अपयशी ठरतो, यात नवल ते काय? हा पंक्तिप्रपंच आपण थांबवला पाहिजे, हे माझे आजचे सांगणे आहे.

दात नसलेले खवय्ये

चित्रातल्या जंतूंना दात असले, तरी खऱ्या जिवाणूला दात नसतात, तोंड नसते आणि पोटही नसते. तो एकाच पेशीचा जीव. हजार जिवाणू एका रांगेत उभे केले, तरी ती रांग एक-दोन मिलिमीटरांच्या पलीकडे जायची नाही. मग तो खातो कसा? विकरांच्या साहाय्याने. विकर म्हणजे एखादी ठरावीक रासायनिक क्रिया भराभर घडवून आणणारे प्रथिन. आपल्या लाळेतही असे एक विकर आहे. ते पिष्टमय पदार्थाचे तुकडे करते, म्हणून भाकरीचा घास बराच वेळ चघळला की गोडसर लागतो.

जिवाणूंजवळ अशी नाना प्रकारची विकरे असतात. कोणाचे विकर पालापाचोळ्यातला सेल्युलोज फोडते, कोणाचे चरबी फोडते, तर कोणाचे चक्क खनिज तेलातील कर्ब-हायड्रोजनच्या साखळ्या तोडते. साखळी तुटली की जिवाणूला ऊर्जा मिळते आणि शरीर बांधायला कर्ब मिळतो. काम पुरते झाले तर शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी एवढेच उरते. तेल नाहीसे होते ते असे.

अशा कारागिरांची आपल्या पायाखाली वाण नाही. एक ग्रॅम सुपीक मातीत, म्हणजे चिमूटभर मातीत, कोट्यवधी जिवाणू असतात. त्यांतले बहुतेक आपल्याला नावानेही माहीत नाहीत. कारण काचेच्या बशीत अन्न घालून ते वाढवायला गेले, तर शंभरांतला एखादाच वाढतो. बाकीच्यांना काय हवे असते, ते आपल्याला पुरते उमगलेले नाही. 'काय हवे असते' हे शब्द लक्षात ठेवा. पुढची सारी कथा त्यांच्याभोवतीच फिरणार आहे.

जावयाचा थाट

प्रथम कारखान्यात जाऊ. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलियम या बुरशीचा जंतुनाशक गुण दिसला. पुढे १९४०च्या सुमारास ऑक्सफर्ड येथे फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी तिच्यापासून औषध काढण्याचे मनावर घेतले. बुरशी दुधावर साय धरावी तशी द्रवाच्या पृष्ठभागावर वाढे. म्हणून उथळ भांडी हवीत. तर हीटली यांनी रुग्णालयातली बेडपॅनसुद्धा कामाला लावली! इतका खटाटोप करूनही औषध निघे ते कणभरच. १९४१च्या फेब्रुवारीत एका आजारी पोलिसाला ते टोचले. त्याला उतार पडू लागला. पण औषध संपले आणि तो बिचारा दगावला. बुरशीत गुण होता, पण तेवढ्याने भागले नाही.

मग तिची बडदास्त सुरू झाली. अमेरिकेतील पिओरिया येथील प्रयोगशाळेने १९४३ साली एका नासक्या खरबुजावरून अधिक औषध देणारी बुरशी मिळवली. मक्याचे पीठ काढताना उरणारा पौष्टिक अर्क तिला खाऊ घातला. उथळ भांड्यांऐवजी मोठमोठ्या खोल टाक्या आल्या आणि त्यांत खालून शुद्ध हवेचे बुडबुडे सोडण्यात आले. पूर्वी कणाकणाने मोजावे लागणारे औषध महायुद्धातल्या जखमी सैनिकांना पुरू लागले.

आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी त्याला साहाय्य केले आणि १९५५ पासून तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पिंपरीच्याच मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून बुरशीजन्य रोगांवर चालणारे 'हॅमायसिन' हे औषध शोधून काढले. त्या सूक्ष्मजीवाच्या शास्त्रीय नावातही पिंपरी आहे: स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. म्हणजे पाहा, कारखान्यातला हा जावई मूळचा मातीतलाच!

अशा टाकीतला थाट कसा असतो? तापमान पंचवीस अंश सेल्सिअसच्या आसपास राखायचे. आम्लता बिघडली की लगेच सावरायची. साखर एकदम ओतायची नाही, थोडी थोडी द्यायची. कारण पोट भरलेली बुरशी नुसती फोफावते, औषध देत नाही. हवा चोवीस तास खेळती ठेवायची. परका जंतू आत शिरू नये म्हणून टाकी, नळ आणि झडपा वाफेने निर्जंतुक करायच्या. आणि दर काही तासांनी नमुना काढून तपासायचा.

१९७८ साली शास्त्रज्ञांनी मानवी इन्शुलिनची जनुके इ. कोलाय या जिवाणूत बसवली आणि १९८२ साली ते इन्शुलिन औषध म्हणून अमेरिकेत मान्य झाले. त्यापूर्वी मधुमेहाच्या रोग्यांना डुकरांच्या व गाईगुरांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्शुलिनवर अवलंबून राहावे लागे. तेथेही किमया एकट्या जनुकांची नाही. त्या जिवाणूला टाकीत जे हवे ते, हवे तेव्हा मिळत गेले, म्हणून त्याने माणसाचे इन्शुलिन तयार केले.

अलास्काच्या किनाऱ्यावर

आता उघड्या जगात येऊ. २४ मार्च १९८९ रोजी 'एक्सॉन व्हाल्डेझ' हे तेलवाहू जहाज अलास्काच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळले. सुमारे ३७ हजार टन खनिज तेल समुद्रात सांडले आणि मैलोगणती किनारा काळा झाला. गरम पाण्याचे फवारे मारून धोंडे धुण्याचे काम चालू असताना शास्त्रज्ञांनी एक प्रश्न विचारला. तेल खाणारे जिवाणू या किनाऱ्यावर मुळातच आहेत. मग ते भराभर वाढून तेल का संपवीत नाहीत?

उत्तर सोपे होते. तेलात कर्ब आणि हायड्रोजन भरपूर. पण जिवाणूचे शरीर केवळ त्यांचे बनत नाही. त्याला नत्र आणि स्फुरदही लागते. गवंड्यापुढे गाडीभर विटा ओतल्या आणि सिमेंट मात्र मूठभर दिले, तर भिंत किती उंच जाईल? तीच गत येथे होती. तेव्हा किनाऱ्याच्या काही पट्ट्यांवर नत्र आणि स्फुरद यांचे खत देण्यात आले. दोन आठवड्यांच्या आत खत दिलेला चौकोन आजूबाजूच्या काळ्या धोंड्यांत पांढरा उठून दिसू लागला. मोजमापांवरून असे आढळले, की खत दिलेल्या जागी तेलाचे विघटन दुपटी-तिपटीने वेगात चालले होते. त्यानंतर शंभरावर किलोमीटर किनाऱ्याला खत देण्यात आले.

याच किनाऱ्यावर पुढच्या वर्षी, १९९० साली, आणखी एक परीक्षा झाली. बाजारात मिळणारी, 'तेलखाऊ जंतूंनी युक्त' अशी दोन उत्पादने काही तुकड्यांवर वापरून पाहण्यात आली. ती न वापरलेल्या तुकड्यांपेक्षा काही विशेष लाभ दिसला नाही. घरचे कामगार हजर असताना बाहेरून आणलेल्यांनी काही भर घातली नाही. उणीव होती ती शिध्याची.

पण ही विजयकथा येथेच संपवली, तर मी तुमची फसवणूक केल्यासारखे होईल. २००१ साली, म्हणजे बारा वर्षांनी, शास्त्रज्ञांनी त्या किनाऱ्यांवर खड्डे खणून पाहिले. निम्म्याहून अधिक जागी वाळू-गोट्यांच्या खाली तेल सापडलेच! वरचे तेल गेले आणि खालचे का राहिले? कारण खालच्या थरात प्राणवायू आणि पोषक द्रव्ये पुरेशी पोचत नव्हती. जिवाणू तेच आणि तेलही तेच होते. एका वितीच्या अंतरावर परिस्थिती तेवढी निराळी होती.

महाजंतूची कहाणी

'मग असा एखादा महाजंतूच का तयार करू नये, की जो सारे फस्त करील?' असे तुम्ही विचाराल. हा विचार एका भारतीय शास्त्रज्ञाने फार पूर्वी केला होता. आनंद मोहन चक्रवर्ती यांचा जन्म १९३८ साली पश्चिम बंगालमधील साइंथिया येथला. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करताना त्यांनी स्युडोमोनस जातीच्या एकाच जिवाणूत तेलातील निरनिराळे घटक फोडणाऱ्या चार वेगवेगळ्या वर्तुळाकार जनुक-माळा एकत्र आणल्या. १९७२ साली त्याच्या एकस्वासाठी, म्हणजे पेटंटसाठी, अर्ज झाला. सजीवावर हक्क सांगता येतो काय, यावर खटला उभा राहिला. १६ जून १९८० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी चक्रवर्तींच्या बाजूने कौल दिला. जैवतंत्रविद्येच्या उद्योगाला या निकालाने मोठी चालना मिळाली. चक्रवर्ती २०२० साली निवर्तले.

एवढा गाजलेला हा जिवाणू खऱ्याखुऱ्या तेलगळतीवर कधीच सोडला गेला नाही. जनुके बदललेला जीव खुल्या जगात सोडावा की नाही, हा एक प्रश्न होता आणि तो योग्यच होता. दुसरी अडचण अशी, की प्रयोगशाळेत मल्ल ठरलेला जिवाणू थंड समुद्रात, खारट पाण्यात, स्थानिक जिवाणूंच्या गर्दीत आणि त्यांना गिळणाऱ्या आदिजीवांच्या तावडीत टिकेलच, याची शाश्वती नसते. चक्रवर्तींची बुद्धिमत्ता वादातीत आहे. परंतु आपण गोष्ट सांगताना महाजंतूचीच सांगतो आणि अलास्कातल्या खताच्या पोत्याची सांगत नाही, हे मला खटकते.

मातीतही मान मिळतो तेव्हा

याचा अर्थ बाहेरून जिवाणू आणणे नेहमीच व्यर्थ असते, असा नव्हे. आपल्या देशात टेरी या संस्थेने तेलाने माखलेल्या मातीतून निवडक जिवाणू वेचले आणि त्यांचे मिश्रण 'ऑईलझॅपर' या नावाने तयार केले. दाणे काढून घेतलेल्या मक्याच्या कणसाची भुकटी करून तिच्यावर हे जिवाणू बसवलेले असतात. तेलशुद्धीकरण कारखान्यांतला तेलकट गाळ आणि तेलविहिरींजवळची माती साफ करण्यासाठी त्याचा उपयोग होतो. २०१०च्या ऑगस्टमध्ये मुंबई बंदराजवळ 'चित्रा' आणि 'खलिजिया' या जहाजांची टक्कर होऊन तेल सांडले, तेव्हाही किनाऱ्याच्या सफाईत या जिवाणूंची मदत घेण्यात आली. पण हे जिवाणू नुसते फेकून चालत नाही. माती नांगरून मोकळी करावी लागते, ओलावा राखावा लागतो, नत्र-स्फुरद द्यावे लागते आणि वरचेवर नमुने तपासावे लागतात. म्हणजे पुन्हा जावयाचाच मान!

दुसरे उदाहरण तुमच्या आजोबांच्या ओळखीचे निघेल. 'गॅमेक्सिन पावडर' किंवा 'बीएचसी' हे नाव त्यांना आठवते का, विचारा. या कीटकनाशकात एकाच सूत्राचे, पण निरनिराळ्या घडणीचे अनेक रेणू असतात. त्यांतला 'गॅमा' हाच काय तो कीटकांचा कर्दनकाळ. तो वेगळा काढून 'लिंडेन' म्हणून विकला, की दर टनामागे आठ ते बारा टन निरुपयोगी, पण विषारी पूड उरे. लखनौजवळच्या उम्मरी गावाच्या परिसरात अशी पूड उघड्यावर टाकली गेली. बीएचसीवर आपल्या देशात १९९७ साली बंदी आली. लिंडेनचे उत्पादन २०११ साली आणि वापर २०१३ साली बंद झाला. बंदीमुळे नवी पूड थांबली. जुनी मातीत राहिलीच.

या विषालाही फोडणारा जिवाणू आपल्याच मातीने दिला. कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९९०च्या सुमारास पिकाच्या मुळांजवळच्या मातीत तो हेरला. दिल्ली विद्यापीठात प्रा. रूप लाल आणि त्यांचे सहकारी यांनी त्याच्या जनुकांचा आणि विकरांचा कसून अभ्यास केला. आज तो स्फिंगोबियम इंडिकम या नावाने ओळखला जातो. बारा पिढ्या नव्हे, काही दशकांपूर्वी जे रसायन मातीत प्रथमच पडले, ते फोडण्याची विकरे जिवाणूंनी इतक्या थोड्या काळात कमावली, हे पाहून थक्क व्हायला होते. दूषित मातीला ओलावा, हवा आणि पोषक द्रव्ये दिली म्हणजे विषाचे प्रमाण खाली येते, असे प्रयोगांत दिसले. तरीही त्या रेणूंपैकी 'बीटा' हा भाऊ फार चिवट. तो सर्वांत शेवटी हटतो.

तिसरे उदाहरण आपल्या विदर्भातले. नागपूर जिल्ह्यात गुमगाव येथे मँगनीजची खाण आहे. खाणीतून उपसलेल्या मातीदगडांच्या ढिगांवर गवताची काडीही धड उगवत नसे. नागपूरच्या नीरी या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तेथे साखर कारखान्यातला टाकाऊ प्रेसमड मिसळला. हवेतील नत्र पकडणारे जिवाणू आणि मुळांना स्फुरद मिळवून देणारी बुरशी रोपांसोबत घातली. प्रेसमडने जिवाणूंना अन्न दिले, जिवाणूंनी झाडांना आणि झाडांच्या पाचोळ्याने पुन्हा जिवाणूंना. त्या ओसाड ढिगांवर कडुनिंब, साग, शिसवी अशी झाडे उभी राहिली.

जे जंतूंना जमत नाही

आता मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. नाही तर त्या दात विचकलेल्या चित्रात आणि या लेखात फरक काय राहिला?

पहिली मर्यादा अशी, की जिवाणू मूलद्रव्य खाऊन संपवू शकत नाही. शिसे, पारा, क्रोमियम यांचे अणू अणूच राहतात. फार तर जिवाणू त्यांचे रूप बदलतो. उदाहरणार्थ, पाण्यात सहज विरघळणारे विषारी क्रोमियम काही जिवाणू कमी विरघळणाऱ्या रूपात आणतात. धोका घटतो, पण क्रोमियम तेथेच असते.

दुसरी मर्यादा अर्धवट कामाची. यंत्रांच्या भागांवरचे ग्रीस काढण्यासाठी ट्रायक्लोरोएथिलीन नावाचे द्रावक वापरले जाते. ते जमिनीत मुरले, की प्राणवायू नसलेल्या थरात काही जिवाणू त्याचे एकेक क्लोरीन काढत जातात. पण पुष्कळदा काम मध्येच अडते आणि व्हिनिल क्लोराइड साचते. ते कर्करोगाला कारण होणारे, मूळ विषापेक्षाही वाईट! हे काम तडीला नेणारा डीहॅलोकॉकॉइडिस हा जिवाणू १९९७ साली प्रसिद्धीस आला. त्याला प्राणवायू मुळीच खपत नाही. म्हणजे अलास्कात हवा हवी होती, तर येथे हवा नको! प्रत्येक कामगाराची गरज निराळी.

तिसरी मर्यादा वेळेची. २०१६ साली जपानी शास्त्रज्ञांनी साकाई शहरात बाटल्यांच्या प्लॅस्टिकवर जगणारा एक जिवाणू सापडल्याचे प्रसिद्ध केले. त्याने तीस अंश तापमानाला प्लॅस्टिकचा पातळ, मऊ पापुद्रा सुमारे सहा आठवड्यांत जवळजवळ फस्त केला. शोध मोठाच आहे. पण पापुद्रा म्हणजे टणक बाटली नव्हे आणि बशी म्हणजे गावाबाहेरचा उकिरडा नव्हे. आपण बाटल्या फेकतो त्या वेगाशी बरोबरी करणे या इवल्या जिवाला शक्य नाही.

आणि जेथे विष विहिरीकडे सरकते आहे किंवा मुलांच्या खेळाच्या जागी पडले आहे, तेथे महिनोन्महिने जिवाणूंची वाट पाहणे शहाणपणाचे नाही. ती माती आधी खणून सुरक्षित जागी हलवलीच पाहिजे.

खरी अडचण कोठे आहे?

कारखान्यातल्या बुरशीचे लाड होतात, कारण तिने दिलेले औषध विकले जाते. मातीतल्या जिवाणूने साफ केलेली माती कोणी विकत घेत नाही. म्हणून त्याच्या शिध्याचा खर्च कोणालाच नको असतो. माझ्या मते रोगाचे मूळ हे आहे. जिवाणूंची दुर्बलता हे नव्हे.

राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावाची कथा ऐका. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तेथे रंग तयार करण्यासाठी लागणारे 'एच आम्ल' बनवले गेले. सुमारे ३७५ टन मालापायी सुमारे अडीच हजार टन विषारी गाळ निघाला आणि तो उघड्यावर पडला. पावसाबरोबर विष जमिनीत उतरले. विहिरींचे पाणी पिण्याच्या आणि शेतीच्या कामाचे राहिले नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. नागपूरच्या नीरीने पाहणी करून दुरुस्तीचा मार्ग आणि खर्च सांगितला. १९९६ साली न्यायालयाने 'जो प्रदूषण करील, त्यानेच भरपाई द्यावी' हे तत्त्व ठामपणे मांडले. पुढे दुरुस्तीचा खर्च सुमारे ३७ कोटी ३८ लाख रुपये ठरला. तरी २०११ साली न्यायालयाला व्याजासह वसुलीचा आदेश पुन्हा द्यावा लागला! या पंधरा वर्षांत मातीतला जिवाणू काय करणार होता? त्याला ना हवा मिळाली, ना खत.

म्हणून मला वाटते, की कोणत्याही कारखान्याने विषारी माल तयार करण्यास आरंभ करण्यापूर्वीच आपल्या मातीच्या सफाईचा खर्च वेगळा काढून ठेवावा. पेनिसिलीनच्या टाकीला हवा पुरवण्याचा खर्च जसा हिशेबात धरतात, तसाच हाही धरावा. आणि 'नंतर जंतू खातील' ही सबब कोणी पुढे केली, तर ती ऐकून घेऊ नये.

तुम्ही काय कराल?

पुढच्या वेळी 'प्रदूषण खाणारा जंतू' असे चित्र दिसले किंवा तशी बातमी वाचली, तर पाच प्रश्न विचारा. हा जंतू नेमके काय खातो? खाल्ल्यावर मागे काय उरते? त्याला हवा, पाणी, ऊब, अन्न यांपैकी काय लागते आणि ते कोण देणार? किती दिवस लागतात आणि ते कोणी मोजले? खर्च कोणाचा? उत्तरे मिळाली तर आनंदाने टाळ्या वाजवा. न मिळाली तर नम्रपणे पुन्हा विचारा.

आणि एक प्रयोग स्वतः करा. चार कुंड्या घ्या. बागेतली एकाच जागची माती चौघींत भरा. जुन्या सुती कापडाच्या सारख्या मापाच्या चार पट्ट्या आणि पॉलिएस्टर कापडाच्या चार पट्ट्या कापा. प्रत्येक कुंडीत एक सुती आणि एक पॉलिएस्टर पट्टी चार बोटे खोल पुरा. पहिल्या कुंडीतली माती आधी उन्हात कडकडीत वाळवून घ्या आणि तिला पाणी देऊ नका. दुसरी रोज ओलसर ठेवा. तिसरीत मूठभर कुजलेले शेणखत मिसळा आणि तीही ओलसर ठेवा. चौथीचे भोक बंद करून तिच्यात पाणी तुंबवून ठेवा. महिन्याने सर्व पट्ट्या उकरून काढा, हळूच धुऊन वाळवा, शेजारी शेजारी ठेवून पाहा आणि वहीत नोंद करा. हात साबणाने धुवायला विसरू नका.

चारही कुंड्यांतली माती एकाच ठिकाणची, म्हणजे सुरुवातीचे जिवाणूही तेच. तरी सुती पट्ट्यांत फरक पडलेला दिसेल. तो का पडला, याचे उत्तर आता तुम्हीच द्या. पॉलिएस्टरच्या पट्ट्यांकडेही नीट पाहा. त्या तुम्हाला सांगतील, की आपण जगात काय टाकतो याचा विचार टाकण्यापूर्वी करावा हे बरे. कारण मातीतला कामगार कितीही गुणी असला, तरी त्याच्या पुढ्यात काय वाढायचे ते आपणच ठरवत असतो.